डोळे करताना भाऊले हाक द्यायची नाही

प्रेमानंद भाऊ गेला त्याले आज एकोणीस दिवस झाले. मी कचरू, त्याचा लहाना भाऊ, पिंपळगाव राजाचा. चौथी शिकलो. मोबाईलवर एकेक अक्षर शोधून लिहून राह्यलो, चुकलं तं सांभाळून घ्या.

मयतीत आन् नंतर घरी भेटाले आलेल्या लोकायले म्या एक गोष्ट सांगतली. भाऊची पोरगी मंजुश्री अकोल्याले नर्स हाय. तिले सरकारी नोकरीची ऑर्डर आली, तिनं त्याच दिवशी फोन केला, म्या भाऊले निरोप देला, भाऊ हसला आन् म्हने, माही पोरगी सायबीन झाली. आन् तसाच काम करता करता गेला. ऐकनारे डोळे पुसत होते, म्हनत होते काय नशीब मानसाचं. ते खरं नाही. भाऊ असं म्हनला नाही. पन आधी भाऊ कसा होता ते सांगाव लागते, नाहीतर हे झालं कसं ते समजनार नाही.

भाऊ बैल करे. खरे नाही, बोटाएवढे. बैल, म्हशी, बकऱ्या, कोंबड्या, निंदन करनाऱ्या बाया, मोट हाकनारे गडी, सारं बारीक. म्युझियमवाले काचेच्या मोठ्या पेटीत जुनं गाव मांडतात ना, त्यातली मानसं आन् ढोरं भाऊच्या हातची असत. ते लोक त्याले डायोरामा म्हनतात. आमच्या घरी त्याले पेटीच म्हनत. लहानपनी पोळ्याले आमच्या वडिलायनं मातीचा बैल घेऊन देला नाही म्हनून भाऊनं नाल्यातल्या मातीचा सोताच केला, तवापासून त्याचा हात थांबला नाही.

त्याची रीत अशी होती. पयले मी तार वाकवून सांगाडा करून देओ, पाय, पाठ, मान. त्याच्यावर भाऊ दोन रंगाची पुट्टी मळून चढवे. ते घंट्याभरात दगडासारखी होते, तेवढ्या येळात छत्रीच्या काड्या घासून केलेल्या हत्यारानं फासोळ्या, खूर, गळ्याखाली लोंबनारी पोळी, सारं काढे. मंग रंग. आन् सगळ्यात शेवटी डोळे. डोळा म्हनजे मोहरीएवढा काळा ठिपका, आन् त्यात एक पांढरा कन. तो कन जागेवर पडला तं बैल तुमच्याइकडे पायते, जराक सरकला तं तोच बैल मेल्यासारखा दिसते. ब्रशाचे केस कापून तो तीनच केस ठेवे. डोळा करताना दम रोखून धरे.

मानसं तो गावातलीच करे, पन सांगे नाही. एकदा आमच्या शेजारच्या सत्यभामाबाई काही मांगाले आल्या, आन् पाटावर निंदन करनाऱ्या बाया ठेवल्या होत्या तिथं थांबल्या. एकीले बोटानं दाखवून म्हने, "काऊन रे प्रेमानंदा, माही कंबर एवढी जाड केली का तू?"

भाऊ म्हने, तुमची नाही व, दुसऱ्या बाईची हाय.

"मंग लुगडं माह्यं काऊन नेसली ते?"

भाऊ नुसता हसला. मंग त्यानं त्या बाईची कंबर काही बारीक केली नाही, उलट दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावर पाटी ठेवली, म्हने आता वजनानं जाड दिसते.

म्युझियमचे लक्ष्मीकांत सर नागपूरहून येत. मोठे शिकलेले, पन मानूस चांगला. एकदा उठनाऱ्या बैलाले पाहून ते म्हने की याचे समोरचे पाय आधी उठवा, रुबाब येते. भाऊनं त्यायले चहा पाजला आन् आमच्या गोठ्यात नेलं. बसेल गायीले उठवलं. गाय मांगून उठली, मांगचे पाय आधी, मंग समोरचे गुडघे. भाऊ म्हने, सर, ढोर मांगून उठते, समोरून उठते ते घोडं. तुमाले घोडे पायजेत का? त्या दिवसापासून सर भाऊले कायच बदलवाले सांगत नसत.

आता लाल फडक्याचं सांगतो. चारेक वर्षांआधी भाऊ एका म्हशीचे डोळे करून राह्यला होता आन् म्या बाहेरून हाक मारली, भाऊ चहा झाला. ब्रश सरकला. म्हशीच्या काळ्या तोंडावर लांब पांढरी रेघ. त्यानं मले एक शब्द म्हनला नाही, पन दिवसभर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी धम्मशीला वैनीच्या जुन्या लुगड्याचं लाल फडकं फाडून दाराच्या कडीले बांधलं. मले म्हने, "कचऱ्या, हे लटकेल असलं की डोळे चालू हायत. घराले आग लागली तं पानी टाकजो, मले हाक देजो नको."

तवापासून तोच कायदा. फडकं लटकलं की भाऊचा मोबाईल माह्याजवळ. पावने आले तं मी बसवो. वैनी सुद्धा भांडे वाजू देत नसे. आन् भाऊचा हात मधात थोडा कापाले लागला होता, वयानं, म्हनून म्याच त्याले एक घोडी करून देली. सागाच्या लाकडाची, वर हनुवटी ठेवाले कापडाची गादी, दोहीकडे कोपर टेकवाले फळ्या. त्यात बसला की मान हालत नाही, हात हालत नाही. भाऊले लय आवडली होती. म्हने, आता मले कोनी ढकलूनही पाडू शकत नाही.

त्या दिवशी, मंगळवार होता, खामगावच्या जुन्या जिनिंगची पेटी चालू होती. कापसाच्या अकरा गाड्या रांगेत, बावीस बैल. सारे रंगून झाले होते, डोळे राह्यले होते. साडेनऊले चहा पेऊन भाऊनं फडकं बांधलं, मोबाईल माह्या हातात देला आन् अंदर गेला. वैनी अंगनवाडीत मदतनीस हाय, ते गेली. मी ओसरीत बसून दुसऱ्या पेटीच्या तारा वाकवत होतो. दारापासून आठ पावलं. मंग मोजली म्या.

सव्वाअकराले मंजुश्रीचा फोन आला. हासत होती. म्हने काका, ऑर्डर आली, पक्की, बाबाले द्या. म्या म्हनलं, डोळे चालू हायत व, घंट्याभरानं कर. ते म्हने एकच मिनिट द्या ना. म्या म्हनलं, तुले माहीत नाही का तुह्या बापाचं? ते म्हने बरं. म्या दाराइकडे पाह्यलं बी नाही.

साडेबाराले वैनी आली. भाकरी टाकल्या. म्हने हाक मारू का? म्या हात दाखवला, थांब. दाराच्या फटीतून एकदा पाह्यलं. भाऊची पाठ दिसत होती, घोडीत बसेल, मान जराक खाली, जसा रोज बसे तसाच. म्या वैनीले म्हनलं, चालू हाय.

दीडले लाईन गेली.

लाईन गेली की भाऊ अंदरून पयली शिवी महावितरनले देत असे, सारी गल्ली ऐके. त्या दिवशी काही आवाज आला नाही. आमी दोघं एकमेकाइकडे पाहाले लागलो. वैनीच्या हातातली भाकर तशीच. मंग ते उठली आन् फडक्यासकट दार लोटलं.

हनुवटी गादीवर, कोपर फळ्यावर, हातात ब्रश. समोर चिमट्यात बैल, एक डोळा झालेला, एक नाही. वैनीनं खांद्याले हात लावला, खांदा थंडगार. ब्रशावरचा काळा रंग वाळून काडीसारखा झाला होता. माह्या डोक्यात तवा एकच गोष्ट आली, की घोडी म्या लय मजबूत केली. साधा स्टुल असता तं भाऊ खाली पडला असता, आवाज झाला असता, मी आठ पावलावर होतो.

डाक्टर आले, म्हने हृदय बंद पडलं. अकोल्याले फोन म्याच केला. मंजुश्री रडली बी नाही. पयलं काय विचारलं तं, "काका, माहा फोन आलता ते बाबाले सांगतलं होतं ना?"

म्या म्हनलं, "हाव."

"काय म्हनले?"

मंग माह्या तोंडातून ते निघालं. हसला, म्हने माही पोरगी सायबीन झाली. कुठून निघालं मले माहीत नाही. तवा ते रडाले लागली. तिनं घरी येऊन वैनीले सांगतलं, वैनीनं बायायले, आन् मले लोक विचारत गेले तसं मी सांगत गेलो. चार दिवसात तं मलेच वाटाले लागलं की भाऊ खरंच हसला होता. वैनी त्या दिवशी सकाळी घरी नव्हती, तिनं मानलं.

भाऊच्या मयतीनंतरचा पुन्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी विहारात होता. शुक्रवारी मंजुश्रीनं मले मोबाईलवर एक फोटो पाठवला, खामगावात फ्लेक्स छापाले टाकला तो. भाऊचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात, माही पोरगी सायबीन झाली. त्याच्याखाली, बाबाचे शेवटचे शब्द. आन् लिहिलं होतं की काका, मी रविवारी बोलनार हाय, याच शब्दायपासून सुरू करनार. मी तारा वाकवत होतो. चिमटा बाजूले ठेवून तो फोटो पुन्हा पाह्यला.

शनिवारी मंजुश्री अकोल्याहून आली. वैनी नळावर गेली होती. म्या तिले भाऊच्या खोलीत नेलं. तिथं तं कोनी हात लावला नव्हता, पाट तसाच, घोडी तशीच. म्या म्हनलं, बाई, तुह्या बापाले म्या निरोप देलाच नाही. फडकं होतं. म्या दार उघडलं नाही. हसला तो नाही, मी खोटं बोललो.

तिनं घोडीच्या गादीवरून हात फिरवला. मंग म्हने, डोळे एका बैलाले किती येळ लागे? म्या म्हनलं, दोन डोळ्यायले दहा मिनिटं. सुरू कवा केलं होतं? साडेनऊ. ते पाटाजवळ बसली. डाव्या हाताले झालेले बैल होते, उजव्या हाताले न झालेले. एकेक बोटानं मोजले. सहा झालेले. सातवा चिमट्यात, अर्धा. तिचे ओठ हालत होते. नर्सच ते, तिनं तसंच मोजलं जसं दवाखान्यात मोजत असन.

म्हने, साडेदहा, पावनेअकरा. त्याच्या पुढे बाबा नव्हतेच.

मले पयले वाटलं की बरं झालं. सव्वाअकराले म्या फोन नेऊन देला असता तरी कामाचा नव्हता. म्या तसं म्हनाले तोंड उघडलं. ते माह्याइकडे पाहून म्हने, "काका, फोन तं घेतला नसता बाबानं. पन तुमी दार उघडलं असतं ना."



"वैनीले सांगू नोको," म्या म्हनलं. एवढं झाल्यावर बी मले तेच सुचलं, याची लाज वाटते.

ते म्हने, "आईले मी काहून सांगू? तुमी सांगा."

सांगतलं मंग. नळावरून आली तशी, हंडा खाली ठेवायच्या आधी. वैनीनं हंडा ठेवला, पदर खोसला, आन् म्हने, मी बी तं साडेबाराले हाक मारली नाही कचरूभाऊ. एवढंच. त्याच्यावर आजपर्यंत दुसरं काही बोलली नाही. भाकर वाढते, बसा म्हनते, पन तोंड वर करून नाही.

रविवारी विहारात लय लोक होते. लक्ष्मीकांत सर नागपूरहून आले होते. भन्तेजीनं वंदना घेतली, पंचशील झालं. फोटोच्या मांगची भिंत कोरी होती. फ्लेक्स छापून आला होता, मंजुश्रीनं तो गुंडाळूनच ठेवला. सत्यभामाबाई माह्याजवळ येऊन हळूच म्हने, ते शेवटचे शब्द लिहिलेला बोर्ड काऊन नाही लावला रे?

मंजुश्री बोलाले उभी राह्यली. हातात कागद नव्हता. म्हने, माह्या बाबाचं काम चालू होतं, म्हनून त्या दिवशी माह्यं आन् त्यायचं बोलनं झालं नाही. मले नोकरी लागली हे त्यायले माहीत नाही.

आन् खाली बसली. अर्धा मिनिट बी झाला नसन. लोक एकमेकाइकडे पाहाले लागले, आन् मंग माह्याइकडे. कारन गोष्ट तं म्याच सांगतली होती. मी उठून उभा राह्यलो होतो काहीतरी बोलाले, पन तसाच खाली बसलो.

म्हनून हे लिहिलं. ज्याले ज्याले म्या ते सांगतलं होतं त्यानं आता पोरीले विचारू नका, की बाबा शेवटी काय म्हनले होते. काहीच म्हनले नाही. साडेनऊले मोबाईल माह्या हातात देताना भाऊ मले म्हने, याच्या घंटीचा आवाज कमी कर बे. तेच शेवटचं, आन् ते मले म्हनला होता.