होमामा आणि चर्चची पुढची भिंत

माझा मामा रंगारी. घरं रंगवायचा, दुकानं रंगवायचा, आणि समोरच्याचा चेहरा जरा उतरलेला दिसला की तो रंगवायलाही धावायचा. अख्खी गल्ली त्याला होमामा म्हणायची, कारण त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द कुणी ऐकलेलाच नव्हता. एकदा तापानं फणफणत दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि थोड्या वेळानं विचारलं, आता बरं वाटतंय ना? हा लगेच हो म्हणाला आणि कुडकुडत घरी आला. मामीनं झापलं, तर म्हणे, ते एवढ्या आशेनं विचारत होते, त्यांचं मन कसं मोडू? न्हाव्यानं सहज सुचवलं म्हणून वीस वर्षांची मिशी उतरवून आला, तेव्हा दार उघडून मामी म्हणाली, "ते घरी नाहीत." शेजारचे दोघे कुंपणावरून भांडले, तर हा दोघांनाही स्वतंत्रपणे 'तुमचंच खरं' म्हणून मोकळा. पुढे दोघांनीही साक्षीदार म्हणून त्यालाच उभं केलं. त्या दिवशी त्याच्या पोटात इतका मुरडा आला की साक्ष राहिली बाजूला आणि भांडणारे दोघे मिळून त्याला घरी घेऊन आले.

आई सांगते, ही सवय लहानपणची. आजोबा फार तापट होते. ते कामावरून आले की आधी त्यांच्या कपाळाकडे बघायचं. आठी दिसली की सगळे माना खाली घालून जेवायचे. मामा सगळ्यांत धाकटा. त्याला अक्षरं वाचता यायच्या आधी चेहरे वाचता येऊ लागले. आजोबा गेले, पण मामाचं वाचन काही सुटलं नाही.

मामी त्याच्याबरोबरच कामाला जायची. भिंत घासायची, पुट्टी भरायची ती. शिडीवरचं काम मामाचं. मामी कमी बोलायची, पण बोलली की तुकडा पाडायची.

तर झालं असं की आमच्या चर्चचा वर्धापनदिन आला आणि आतून रंग द्यायचं ठरलं. काम अर्थातच मामाला मिळालं. बाजूच्या भिंतींचं काही नव्हतं, भानगड होती ती वेदीमागच्या मोठ्या भिंतीची. तिच्याकडे तोंड करून सगळी मंडळी बसायची. पाळकसाहेबांनी सांगितलं, "तुम्हाला योग्य वाटेल तो रंग द्या." मामाला जगात याहून भयंकर वाक्य ठाऊक नव्हतं. आपल्याला काय योग्य वाटतं हे त्यानं आजवर कधी तपासूनच पाहिलं नव्हतं.

पण त्याची काळजी वाहायला लोक होतेच. सोमवारी पोस्टमास्तर आले. नोकरीतून निवृत्त होऊन जमाना झाला होता, तरी सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणत. त्यांनी काठीनं भिंत ठोकून सांगितलं की इथे पांढरा होता, पांढराच राहील. मामा हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी गायनवृंदाच्या बाई आल्या. त्यांना आकाशी हवा होता, कारण वर बघून गाताना आकाश दिसलं पाहिजे. मामा म्हणाला, अगदी माझ्या मनातलं बोललात. बाई इतक्या खूश झाल्या की जाताना एक कडवं गुणगुणून गेल्या. मग खजिनदार आले. त्यांनी बदामी सांगितला; मळ दिसत नाही, दहा वर्षं बघायला नको. मामानं त्यांचा हात हातात घेऊन बदामीचं कौतुक केलं. मामी खाली बसून बादली ढवळत सगळं ऐकत होती. खजिनदार गेल्यावर तिनं फक्त एवढंच विचारलं की भिंत एकच आहे ना?

मामाला वाटलं, काहीतरी युक्ती निघेल. त्यानं भिंतीवर तिन्ही रंगांचे मोठे पट्टे मारून पाहिले. मग एका बादलीत तिन्ही थोडे थोडे मिसळून कोपऱ्यात लावून पाहिले. जो रंग तयार झाला त्याला नाव नव्हतं. मामी म्हणाली, गोगलगाईला उलटं केलं की असाच दिसतो. शनिवारची दुपार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उपासना. मामी आणखी रंग आणायला दुकानात गेली आणि मामा शिडीवर एकटा उरला.

तिथे त्यानं प्रार्थना केली. माणूस मनापासून भाविक. रोज सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकायचा. तो म्हणाला, देवबापा, तूच सांग, तुला कोणता आवडेल? तू म्हणशील तो देतो. तुझी काही नाराजी नको.

आणि तो थांबला. रिकाम्या चर्चमध्ये त्याचाच आवाज घुमून परत आला होता, आणि तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. खजिनदारांशी बोलताना लागायचा तोच. तसाच गोड, तसाच घाबरलेला. मामानं नंतर आम्हाला सांगितलं की तेव्हा त्याला एकदम कळलं, आपण आयुष्यभर देवाला सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक समजत आलो. प्रार्थना करायची ती त्याच्या कपाळावर आठी आहे का बघायला. जेवताना, झोपताना, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसताना, तेच. प्रेम म्हणून असं त्याच्याशी कधी बोललोच नाही.

तो वरच बसला, शिडीच्या पायरीवर. ज्याची मर्जी राखायला मी एवढा धापा टाकतोय, त्यानं माझ्याबद्दलचं मत कधीच ठरवून टाकलंय, असं त्याच्या मनात आलं. माझ्या हातात ब्रश यायच्या आधी. मी जन्मायच्याही आधी, वधस्तंभावर. संडे स्कूलपासून हे तो ऐकत होता, लहान मुलांना शिकवतही होता. पण ऐकलेली गोष्ट आणि अंगावर कोसळलेली गोष्ट यात फरक असतो. मामाला हसू फुटलं. आधी गालात, मग पोटातून. शिडी हलायला लागली, म्हणून तो हसतहसत उतरला, आणि शेवटची पायरी समजून त्यानं पाय टाकला तो थेट आकाशी रंगाच्या बादलीत.

मामी परत आली तेव्हा नवरा एक पाय बादलीत ठेवून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होता. तिला वाटलं, डोक्यावर पडला.

"अगं," मामा म्हणाला, "त्याला मी आवडतो."

"कुणाला?"

"देवाला. भिंत रंगवायच्या आधीच."

मामीनं हातातला डबा खाली ठेवला. "ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "पाय काढा आधी."

पण तिनं त्याचा पाय स्वतः पुसला, आणि पुसतापुसता तीही हसायला लागली. त्या दुपारी त्यांनी भिंतीला ब्रश लावला नाही. बाकावर बसून दोघांनी प्रार्थना केली. काहीच मागितलं नाही, म्हणाली मामी. नुसतं त्याच्याजवळ बसून राहिलो.

रविवारी मंडळी आत आली आणि समोर पांढरा, आकाशी, बदामी असे पट्टे, शिवाय कोपऱ्यात गोगलगाय. कुजबुज सुरू झाली. पाळकसाहेब काही बोलायच्या आत मामा उठून पुढे गेला. एका पायाची नखं अजून आकाशी होती. तो म्हणाला, "पोस्टमास्तर, मी तुम्हाला हो म्हणालो. बाईंना हो म्हणालो. खजिनदारांनाही. तिन्ही वेळा खोटं बोललो. तुम्ही नाराज व्हाल ही भीती मला देवापेक्षा मोठी होती. माफ करा. रंग तुम्ही एकत्र बसून ठरवा. मला विचाराल तर फिका पिवळा द्यावा. सकाळचं ऊन त्या खिडकीतून येतं, भिंत उजळेल."

सगळ्यांनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. मग पोस्टमास्तरांच्या छातीतून खोकल्यासारखं काही निघालं. ते हसत होते. मग मुलं हसली, मग मागचे बाक, मग पाळकसाहेबांनी तोंडावर हात धरला. खजिनदार हसले नाहीत. गायनवृंदाच्या बाई तर त्या दिवशी पहिलं गीत अशा काही रागानं गायल्या की म्हाताऱ्यांनाही झोप लागली नाही.

मामा मात्र घरी येताना रस्त्यानं जवळजवळ उड्या मारत होता. दोन माणसं माझ्यावर नाराज आहेत, तो मामीला पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि मी जिवंत आहे.

पुढचे काही दिवस त्यानं घरादाराला हैराण केलं. नवा शब्द सापडलेल्या मुलासारखा तो जिथेतिथे 'नाही' म्हणत सुटला. दुकानदारानं पिशवी देऊ का विचारलं, नाही. आईनं जेवायला बोलावलं, नाही. मग भूक लागली म्हणून मागच्या दारानं आला. मामीनं बादली उचलून द्या म्हटलं, तेव्हाही नाही. मामीनं बादली त्याच्या पायाशी ठेवली आणि सांगितलं, "आधी लोकांना भिऊन हो म्हणत होतात, आता ऐटीत नाही म्हणताय. दोन्हीत देव कुठंय?" मामा वरमला. बादली उचलली आणि तिच्यासाठी चहाही टाकला.

भिंत शेवटी फिकी पिवळी झाली. एकत्र बसल्यावर तिघांचंही पटेना, तेव्हा पोस्टमास्तरांनीच तो तोडगा काढला. खजिनदारांनी मात्र आपल्या घराचं काम दुसऱ्या रंगाऱ्याला दिलं. मामाला वाईट वाटलं. दोन दिवस वाटलं, मग तो ते देवाला सांगून झोपी गेला.

गायनवृंदाच्या बाई मामाशी बोलायला तयार नव्हत्या. पावसाळ्यानंतर कळलं की त्यांची आई अंथरुणाला खिळली आहे आणि तिच्या खोलीचे पोपडे उशीवर पडतात. मामा-मामी न बोलावता ब्रश घेऊन गेले. बाईंनी दार उघडलं, बाजूला झाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटू लागल्या. मामानं आजींनाच रंग विचारला. आजींनी गुलाबी सांगितला. अगदी गडद, पेपरमिंटच्या गोळीसारखा. मामा म्हणाला, "आजी, गडद नको. खोली लहान आहे, डोळ्यांना त्रास होईल." आजी म्हणाल्या, मरायच्या आधी एकदा तरी गुलाबी खोलीत झोपायचंय. मामानं क्षणभर विचार केला. मग गुलाबी दिला, आणि यावेळी तो 'हो' मनातून आला होता, म्हणून कामभर शीळ वाजवत राहिला.

काम संपल्यावर बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या की रंग भयानक आहे. मामा म्हणाला, भयानक आहे खरा. आतून आजी हसल्या, आणि बाईंनी विचारलं, चहा घेणार का दोघं.