भागीकाकीची पाखाडी

पावसाळ्यात आमच्या वाडीत कोणाकडे जायचं तर जीव मुठीत धरून जावं लागे. भागीकाकीकडे मात्र डोळे मिटून जावं. तिच्या दारापासून खाली रस्त्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पाखाडीवर शेवाळाचा ठिपका दिसायचा नाही. उजाडलं की ती कोयत्यानं दगड खरवडी, खराटा मारी आणि वर चुलीतली राख नि भाताचं तूस टाकी. मी लग्न होऊन शेजारी आले, त्या आषाढात आमच्याच दारात आपटले. काकी कुंपणापलीकडून म्हणाली, "तुझ्या सासूला सांग गो, सून आणायच्या आधी दगड घासायचं!" सासूबाई कितीतरी दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

काकीचा नवरा गवताचा भारा घेऊन याच पाखाडीवरून घसरला आणि पुन्हा उठला नाही. उरला एकटा मुलगा, धोंडू. तो मुंबईला गिरणीत होता. लावणीला येई आणि ती आटोपली की परत जाई. पावसाळ्यात आगबोट बंद, म्हणून आंबेनळीचा घाट चढून पलीकडे रेल्वे गाठायची. माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत मागे झाडायचं नाही, अशी काकीची रीत. धोंडू पोचल्याचा निरोप येईस्तोवर ती पाखाडीलाही हात लावीत नसे.

एका साली लावणी आटोपून तो गेला, पण निरोप आलाच नाही. दगड हिरवेगार झाले. काकी बसत बसत उतरायची. मी राख घेऊन गेले तर तिनं टोपलीच हिसकावली. "माझा पोर वाटेत हाय अजून. हात लावून तर बघ!"

गणपतीला मुंबईकर आले, तेव्हा कळलं की धोंडू पोचलाच नव्हता. घाटात दरड कोसळली होती. शोधायला गेलेल्यांना त्याची घोंगडी तेवढी सापडली. ती पुढ्यात ठेवली तरी काकी रडली नाही. "पोचंल," एवढंच म्हणाली. मग तिच्या दारात जाऊन गळा काढायचं आम्हा बायांना धाडस होईना.

काही दिवसांनी सकाळी खराट्याचा आवाज आला. भाकरी तव्यावर तशीच टाकून मी धावले. काकी एकेक पायरी खरवडत खाली येत होती. आम्ही रस्त्यावर जमलो, पण हात लावायला कोणी पुढे झालं नाही, जाववेचना. राख पसरून झाल्यावर ती शेवटच्या दगडावर बसली.

"या गो आता रडायला," ती म्हणाली. "आता कोण पडायची नाय."