कामठीच्या बाजारात लपवून ठेवलेली गाडी

गाडी घेतली तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली उंच मोटारसायकल, रुंद टाकी, दोन्ही बाजूंना आणि मागं सामानाच्या पेट्या. मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीच्या गेटातून ती आत आली तसा वॉचमन खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. माझे पाय जेमतेम चवड्यांवर जमिनीला लागतात. पहिल्याच आठवड्यात पार्किंगमध्ये वळवताना ती माझ्या हातून सावकाश आडवी झाली आणि उचलायला तिघांना हाक मारावी लागली. त्यातले एक काका म्हणाले, "मॅडम, स्कूटीच बरी होती तुमची." मी हसले. मला त्याची लाज वाटली नाही. लाज वाटली ती नंतर, दुसऱ्याच कारणानं.

मला मोटारसायकल शिकवली भाऊजींनी, माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्यानं. ताईचं लग्न होऊन ती कामठीला गेली तेव्हा मी कॉलेजात होते. सुटीत तिच्याकडे गेले की भाऊजी मला कॅन्टोन्मेंटच्या मोकळ्या रस्त्यावर न्यायचे, स्वतः मागं बसायचे आणि ओरडायचे, "क्लच हळू सोड वं! बेडूक आहे काय ते?" आमच्या बाबांना हे अजिबात आवडलं नव्हतं. भाऊजींनी त्यांना तोंडावर सांगितलं, "मी शिकवून राहिलो ना, मंग?" बाबा जावयापुढं काय बोलणार!

त्या भाऊजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. बोलणं परत आलं, पण सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. त्यांची गाडी दारात नुसती उभी होती, ती ताईनं विकून टाकली. मी अधूनमधून रविवारी त्यांना भेटायला जायची. नवी गाडी घेतल्यावर मात्र त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. ज्यानं शिकवलं तो खाटेवर, आणि आपण त्याच्या दारात असली गाडी नेऊन उभी करायची?

म्हणून मी गाडी बाजारातल्या औषधाच्या दुकानासमोर ठेवायला लागले. जॅकेट आणि हेल्मेट पेटीत कोंबायचं आणि घरापर्यंत चालत जायचं. कोणी विचारलंच तर शेअर ऑटोनं आले म्हणायचं. मधे एकटीनं पचमढी करून आले. स्टेटसला फोटो टाकताना ते त्या दोघांना दिसणार नाहीत अशी सोय केली. आपण किती समजूतदार आहोत असंही मला तेव्हा वाटायचं.

एका रविवारी मी जाऊन बसले. भाऊजी माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"ऑटोनं आली?"

"हो."

"आजकाल ऑटोत हेल्मेट घालून बसतात काय वं?"

माझा हात आपोआप केसांकडे गेला. चपटे होऊन डोक्याला चिकटले होते. कपाळावर हेल्मेटच्या अस्तराचा वळही असणार.

"कोणती घेतली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "कुठी ठेवली?" तेही सांगितलं.

"काहून?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मले वाईट वाटन, हे तूनंच ठरवलं," ते म्हणाले. "आण इकडं."

मी बाजारातून गाडी आणली. गल्लीत विणकरांच्या मागांची खटखट चालू होती, तरी आवाज ऐकून शेजारपाजारचे बाहेर आले. ताईनं आणि मी भाऊजींना धरून ओट्यावरच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी गाडी पुढून पाहिली, मग वळवायला लावून मागून पाहिली. मग म्हणाले, जवळ आण. डाव्या हातानं त्यांनी आपला उजवा हात उचलला आणि अॅक्सिलरेटरच्या मुठीवर नेऊन ठेवला. बोटं मिटेनात. हात घसरून मांडीवर पडला. त्यांनी पुन्हा उचलला नाही. मी मीटरवरच्या आकड्यांबद्दल काहीतरी बडबडायला लागले, तसे ते म्हणाले, "चूप राह्य थोडी."

तेवढ्यात ताई म्हणाली, "मी बसू काय?"

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. मधेच ती कणीक मळायला आत गेली होती, आता तशाच भरल्या हातांनी दारात उभी होती.

"आता?" मी म्हटलं.

"मंग कधी?"

तिनं हात धुतले, शेजारच्या काकूंना भाऊजींपाशी बसवलं, पदर खोचला आणि स्टुलावर पाय देऊन मागं चढली. माझं जास्तीचं हेल्मेट तिला ढिलं होत होतं. भाऊजींनी डावा हात हलवून "जा, जा" केलं.

आम्ही कन्हानच्या पुलाकडे निघालो. ताईनं आधी माझे खांदे घट्ट धरले होते, मग सोडले. मागून आवाज आला, "जोरात चालव ना." मी थोडा वेग वाढवला. पूल ओलांडून एका टपरीवर थांबलो. ताई उतरली, हेल्मेट काढलं आणि चहा येईपर्यंत नदीकडे बघत उभी राहिली. तिचे केस पांढरे झाल्याचं मला माहीत होतं, पण एवढे झालेत हे दिसलं नव्हतं.

चहा पिता पिता ती म्हणाली, "तू येते, यांच्यापाशी बसते, चालली जाते. एकदा तरी म्हणायचं होतं, ताई, चल बाहेर."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. कपातली साय बोटानं बाजूला करता करता ती हे म्हणाली. मी इतके रविवार भाऊजींच्या मनाचा विचार करत होते, किमान तसं स्वतःला सांगत होते. ताई माझ्यासाठी चहा आणणारी, त्यांची पथ्यं सांगणारी होती. ती त्या दोन खोल्यांतून दवाखान्याशिवाय कुठं जात नाही, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. पचमढीला मागची सीट रिकामी घेऊन मी घाट चढले होते.

"पचमढीला गेले होते मी," मी म्हणाले. "तुला सांगितलं नाही."

"एकटी?"

"हो."

"थंडी होती काय?" एवढंच तिनं विचारलं.

आता मी जाते तेव्हा माझा नवराही कारनं येतो आणि भाऊजींपाशी बसतो. दोघं टीव्हीवर क्रिकेट बघतात, नाहीतर नुसतेच पडून राहतात. ताई आणि मी गाडीवर निघतो. कधी रामटेक, कधी सावनेरकडे, कधी पुलापलीकडची तीच टपरी. ताईनं स्वतःच्या मापाचं हेल्मेट घेतलंय, आणि साडी सोडून पंजाबी ड्रेस घालते. लोक बघतात, ती त्यांच्याकडे बघते.

भाऊजींनी गाडीला पुन्हा हात लावला नाही. चांगली आहे, असंही कधी म्हणाले नाहीत. आम्ही निघताना ते माझ्या नवऱ्याच्या आधारानं ओट्यावर येऊन बसतात आणि मी गिअर टाकला की माझ्या पायाकडे पाहतात. त्यांची नजर चुकवायची मला अजून सवय आहे. परवा परत आलो तेव्हा त्यांनी ताईला विचारलं, "कुठवर गेल्या होत्या?" ती सांगायला लागली. रस्ता, वळणं, वाटेत दिसलेली माकडं, सगळं. ते डोळे मिटून ऐकत होते. मी अंगणात उभी राहून उगाच हातमोजे काढत, घालत राहिले.