आठवलं की जायचं

आधी माफी मागतो. जानकीआत्यावर लिहिण्याचा हक्क मला आहे असं मला वाटत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं, एवढंच. कॉलेजातल्या सरांनी दोनदा सांगितलं तरी मी टाळत होतो. कारण मी आत्यावर याआधीही एकदा लिहिलं आहे, आणि ते छापूनही आलं आहे. ते लिहिलं नसतं तर आज हे लिहायला इतकं जड गेलं नसतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचा पाडा मोखाड्याहून खोडाळ्याला जाताना आमच्या गावाच्या आधीच्या फाट्यावर. नवरा लवकर गेला. मुलगा सुरेश, थोडी भाताची खाचरं आणि उतारावर नागली, एवढ्यात तिचा संसार. तिची एक सवय सगळ्या पाड्याला माहीत होती. भाताची आवणी चालू असायची, बायका ओळीनं वाकलेल्या, आणि मध्येच आत्या सरळ उभी राहायची. हातातली रोपांची मूठ बांधावर ठेवायची, वाहत्या पाण्यात हात-पाय धुवायची आणि डोक्यावरचं इरलं सावरत चालू लागायची. बायका चिडवायच्या. "जानकीबायला फोन आला गं, बिनतारेचा." दुसरी म्हणायची, "कोनाचा ता विचार, नायतर आपल्याला ऱ्हायलेलं आवण लावाय ठेवून जाईल." आत्या मागं न बघता सांगायची, "माळावरच्या म्हातारीचा." तासाभरानं परत यायची. काय झालं विचारलं तर, "काय नाय. बसलीय नीट. तंबाखू मागत होती."

बहुतेक वेळा असंच असायचं, काहीच झालेलं नसायचं. एकदा मात्र अशीच उठून गेली तेव्हा शेजारच्या पाड्यावरची एक बाळंतीण तापानं फणफणलेली, घरात एकटी सापडली. आत्यानं चार माणसं बोलावली, डोली केली आणि तिला दवाखान्यात पोचवलं. पण ती गोष्ट आत्यानं कधी सांगितली नाही. सांगायची ती तंबाखूचीच.

मी लहान असताना विचारलं होतं, "आत्या, तुला कळतं कसं?"

"कळत नाय रं. नुसतं मानूस आठवतं. आठवलं की जायचं."

"आणि काही नसलं तर?"

"तर बसायचं थोडं, नि यायचं."

सातवीत मी आश्रमशाळेत होतो. कशावरून तरी मुलांनी चिडवलं होतं, आता नेमकं आठवतही नाही, पण शाळा सोडून घरी पळायचं मी पक्कं केलं होतं. कपडे पिशवीत भरून ठेवले होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाहतो तर फाटकाजवळच्या आंब्याखाली आत्या बसलेली. चालत आली होती. फडक्यात नागलीची भाकर आणि सुकटाची चटणी. तिनं मला काहीच विचारलं नाही. मी खात होतो, ती माझ्या पायांकडं बघत होती... मग म्हणाली, "नखं वाढलीत, काप." उठली आणि गेली. मी पिशवी परत रिकामी केली. त्या दिवशी ती आली नसती तर मी आज कॉलेजात नसतो.

हे मी त्या निबंधात लिहिलं नाही.

निबंध कॉलेजातल्या स्पर्धेचा होता. विषय अंधश्रद्धा. मी जव्हारला होस्टेलवर राहून पहिल्या वर्षाला शिकत होतो. आपल्या भागातलं उदाहरण द्या असं सांगितलं होतं. खरं उदाहरण मला माहीत होतं. आमच्या नात्यातलाच एक भगत आहे, तो आजारी माणसाला दवाखान्यात जाऊ देत नाही. पण त्याच्यावर लिहिलं तर तो घरी येऊन भांडला असता, वडिलांना तोंड द्यावं लागलं असतं. आत्या भांडणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी आत्या घेतली. 'माझी आत्या जानकी हिला मनातून आवाज येतात,' असं पहिलं वाक्य लिहिलं. आवाज येतात असं ती कधी म्हणाली नव्हती. पण वाक्य चांगलं वाटत होतं. पुढं ती भगताकडं जाते, असंही मी घातलं.

पहिला नंबर आला. वार्षिक अंकात निबंध छापला. तो अंक मीच मोठ्या हौसेनं गावी नेला आणि सुरेशनं तो तिच्यासमोर वाचला. ती सुपात नागली पाखडत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "माझं नाव लिवलंय त्यात?"

"हो."

"बरं." मग सुपातला खडा वेचत, "पण पोऱ्या, मी भगताकडं कवा गेले?"

ती कधीच गेली नव्हती. उलट लोकांना दवाखान्यात धाडणारी तीच. मी उलट तिलाच शिकवू लागलो. म्हणालो, आत्या, याला योगायोग म्हणतात, दहा वेळा काही होत नाही ते आपण विसरतो, एकदा होतं ते लक्षात राहतं. तिनं सूप खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. "असंल," म्हणाली. "तू शिकलास."

पुढच्या आवणीला मी सुट्टीत तिच्या खाचरात होतो. दुपारकडे ती सरळ उभी राहिली. हातात मूठ तशीच. माळाकडं बघत राहिली... आणि पुन्हा वाकली. एक बाई म्हणाली, "काय गं, आज फोन नाय आला?"

"रेंज नाय," आत्या म्हणाली.

सगळ्या हसल्या. मी मान खाली घालून रोपं लावत राहिलो.

तिची माफी मागायला हवी हे मला त्याच दिवशी कळलं. जव्हारहून घरी जाताना एसटी तिच्या फाट्यावर थांबायची आणि प्रत्येक वेळी मनात यायचं, उतर. कोणी बोललं नाही, आवाज आला नाही. नुसतं यायचं. मी बॅग मांडीवर घट्ट धरून बसून राहायचो. आज उशीर झालाय, परीक्षा जवळ आलीय, पुढच्या वेळी नक्की. दोन वर्षांत किती वेळा असं झालं ते मोजायची मला लाज वाटते. एकदा तर ती फाट्यावरच उभी होती, कोणाशी तरी बोलत. मी खिडकीतून तोंड आत घेतलं.

शुक्रवारी प्रॅक्टिकल संपवून बाहेर आलो तेव्हा सुरेशचा फोन लागला. आत्या बुधवारी गेली होती. दोन दिवसांचा ताप, दवाखान्यात न्यायची तयारी करेपर्यंत संपलं. तो टेकडीवर चढून मला फोन करत होता, लागत नव्हता. माती झाली, तो म्हणाला, तू आता घाई करू नको. मग म्हणाला, "रविवारी ती पिशवी भरून फाट्यावर गेल्ती. तुझ्याकडं यायला. जव्हारची गाडी आली, थांबली, कंडक्टरनं हाकसुद्धा मारली. पण चढलीच नाय, परत आली. मी इचारलं, आये, का गं आलीस परत? तर म्हणाली, त्याचं बरं असंल."