मामांनी देवीच्या वतीनं दिलेला शब्द

देवावर भरवसा ठेवणारे लोक मी पुष्कळ पाहिले, पण खुद्द देवाचीच काळजी वाहणारा माणूस आमच्या मोठ्या मामांखेरीज साऱ्या भोकरदन तालुक्यात दुसरा झाला नसेल. पिंपळगाव रेणुकाईला त्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक नसलं की ते देवीवर अभंग रचत. अभंगात स्वारी मोठी निवांत. पानोपानी आई आहे, माणसानं कितीही नासधूस केली तरी ती नव्यानं उगवते, असं ठासून सांगत, आणि अभंग संपला की पुन्हा जिवाला घोर. थंडी पडली की देवीला शाल पांघरवून येत, आणि घरी पोचतात न पोचतात तोच तिला उकडत तर नसेल म्हणून परत जात. देवळापुढच्या कडूनिंबाच्या फांदीला शेळीनं तोंड लावलेलं दिसलं की भरल्या ताटावरून उठत. त्या शेळीतही आईच आहे असं तुमचाच अभंग म्हणतो, अशी मी एकदा त्यांची चेष्टा केली. मामा गंभीरपणे म्हणाले, "हाय की. पण आईनं आईला खाल्लेलं मला बघवत न्हाई."

निजामी राजवटीच्या अखेरीअखेरीला, त्या पेटवापेटवीच्या दिवसांत, ऐन नवरात्राच्या तोंडावर कुणीतरी देवळाजवळची कडब्याची गंजी पेटवून दिली. तिच्याबरोबर कडूनिंबही जळाला. उरलं ते नुसतं काळं खोड. गावात जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघू लागला. देवी गाव सोडून गेली, अशी कुजबुज सुरू झाली आणि काही घरांनी तर बैलगाड्याही भरल्या. मामांना ते पाहवेना. अष्टमीला ते देवीपुढे उभे राहिले आणि त्यांनी नवा अभंग म्हटला:

जळालें हें खोड । आई मुळापाशी ।
चैत्राचिया दिशी । पालवेल ॥

लोकांना धीर आला, गाड्या उतरवल्या गेल्या. धीर सुटला तो एकट्या मामांचा. कारण त्या देवळात गायलेलं पद म्हणजे देवीसमक्ष दिलेला शब्द, असा गावचा रिवाज होता. "शब्द मी देऊन बसलो अन् पाळायचा तिनं," नवरात्रासाठी मी त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा ते माझ्यापाशी म्हणाले. "न्हाई फुटलं तर लोक तिला खोटी म्हणतील. मंग कोण राहातंय गावात?"

तेव्हापासून मामांनी दुकान वाऱ्यावर सोडलं. सकाळी उठून खोडाला पाणी घालत, शेण लिंपत, आणि आत ओल आहे का हे बघायला नखानं साल खरवडत. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून मुळाशी माती उकरून कोंब दिसतो का ते बघत आणि पुन्हा बुजवत. अन्न जाईना, झोप येईना. शेवटी फाल्गुनात तापानं अंथरूण धरलं, तेव्हा माझ्या आईनं गाडी पाठवून आपल्या या भावाला जालन्याला, मस्तगडच्या आमच्या घरी आणवलं. इथेही तेच. आमच्या गल्लीतला कडूनिंब पालवलेला पाहून त्यांना आनंद व्हायच्या ऐवजी धडकीच भरली. भोकरदनकडून आलेल्या माणसाला खोडाबद्दल विचारायचं धाडसही त्यांना होत नसे.

चैत्र लागल्यावर मी त्यांना गावी घेऊन गेलो. देऊळ दिसताच त्यांचे पाय अडले. "तू म्होरं जाऊन बघ," म्हणाले. मी पाहिलं. मामा जिथली माती उकरत होते, नेमके तिथूनच लालसर कोंब वर आले होते आणि गावच्या बायकांनी त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. मी हाक मारली. मामा आले, बघत राहिले. कोंबाला लावायला त्यांनी हात पुढं केला आणि मधेच मागे घेतला.

"मी रोज उकरून राह्यलो व्हतो," ते हळूच म्हणाले. "तिला फुटायला सवडच दिली न्हाई मी."

पुढे त्या कोंबांचं झाड झालं. देवीला थंडी वाजते की उकडतं ही मामांची विवंचना काही सुटली नाही, पण त्या झाडाला मात्र त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही. थकले, वाकले, तरी लांबूनच हात जोडत. एवढी माया असलेल्या माणसाला लांब उभं राहायला शिकावं लागलं, या विचारानं मला अजून भरून येतं.