शनिवारची पायरी

"बेटा, कागद दे इकडे. पंचसाहेब वाचतील."

धर्मसुधारणा रविवारची उपासना, चर्चमधल्या जुन्या बंडाच्या आठवणीची. गीताचं शेवटचं कडवं चाललेलं. मी वेदीच्या पायरीपाशी उभी. हातात माझा उपदेश, चार पानं. आणि हात पुढे करणारे आमच्या लूथरन मंडळीचे पाळकसाहेब.

मला कळेना. "साहेब, तुम्हीच म्हणालात ना, उपदेश तू करशील?"

"तू लिहिलास, तेच पुष्कळ. मंडळीच्या पंचांचं म्हणणं पडलं, बाईनं पायरी चढू नये. परंपरा आहे. वेळ लागतो."

पहिल्या बाकावरचे म्हातारे पंच म्हणाले, "आज उपदेश, उद्या प्रभुभोजनाची भाकर नि प्याला देईल. मग पाळकसाहेबांनी काय, कप विसळायचे?"

दोघंतिघं हसले. पाळकसाहेबही हसले. ते जास्त लागलं.

मी कागद दिला. हो, दिला. लपवत नाही.

कारण हा माणूस माझा गुरू. मी हरसूलच्या शाळेत शिकलेली, घरातली पहिली पदवीधर. बाप्तिस्म्याची कबुली स्वतः द्यायच्या आधीच्या, दृढीकरणाच्या वर्गात यांनीच शिकवलं, देव आणि माणूस यांच्यामध्ये कुणी दलाल नाही. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे. मी विचारलं होतं, "मुलीसुद्धा?" ते म्हणाले होते, "प्रत्येक जण म्हणजे प्रत्येक जण." त्या एका वाक्याच्या जोरावर मी धर्मशास्त्राची पदवी घेतली. शिफारसपत्रही त्यांचंच.

वाचणारे पंचसाहेब दुसरेच, अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. वर चढले, चष्मा लावला, अडखळत वाचू लागले. ख्रिस्ती माणसाच्या मोकळेपणाविषयी मी आठवडाभर बसून लिहिलेलं. लोक माना डोलवत होते. त्यांच्याकडे बघून.

मग तिसरं पान आलं. त्यात माझी आई होती. ती दर शनिवारी वेदीचं वस्त्र धुऊन, इस्त्री करून आणते. हीच पायरी चढते आणि वेदीवर अंथरते. तेव्हा चर्च रिकामं असतं. तेव्हा तिला कुणी अडवत नाही.

"माझी आई," पंचसाहेबांनी वाचलं आणि थांबले. पान डोळ्यांजवळ धरलं. मग म्हणाले, "एक बाई. एक बाई वेदीचं वस्त्र धुते." पुढची दोन वाक्यं, शनिवारची आणि पायरीची, त्यांनी गाळली.

आई बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसली होती. तिनं मान खाली घातली.

मी पायरी चढले. वीतभर उंच आहे ती. पंचसाहेबांच्या हातातून पानं काढून घेतली.

"अहो ताई, उपासना चाललीय!"

"ती एक बाई नाही. माझी आई आहे. तिथं बसलीय."

कुणीतरी माइक बंद केला. माझा आवाज डोंगरात हाका मारून वाढलेला आहे. गाळलेली दोन वाक्यं मी वाचली. फक्त तेवढीच.

पाळकसाहेब खालून म्हणाले, "उतर बेटा. तुझ्यासाठी किती केलं मी!"

केलं. एकूण एक आठवतं. म्हणूनच वरूनच विचारलं, तेव्हा वर्गात खरं शिकवलंत, की मी लहान होते म्हणून सांगितलंत?

त्यांनी पुढच्या गीताचा आकडा पुकारला. मग पंचांचं पत्र आलं. माफी माग, नाहीतर संडे स्कूलमधलं तुझं शिकवणं बंद.

आईला वाचून दाखवलं. ती वस्त्राला इस्त्री करत होती. "माफी कशाची? मी लय वर्सं चढले ती पायरी. कुनाला दिसले नाय, एवढंच."

माफी मी मागितलेली नाही. मंडळी सोडणार नाही, माझा बाप्तिस्मा इथलाच आहे. दुसऱ्याच्या तोंडासाठी आता एक ओळही लिहिणार नाही.

आणि या शनिवारी वेदी उघडी राहील. वस्त्र आमच्या घरी आहे, घडी घातलेलं. आई ते रविवारी अंथरेल, मंडळी बाकांवर बसल्यावर, पहिल्या गीताला. दुसरं टोक मी धरणार आहे.