मारुतीच्या गळ्यातला कोश

उमरोळीत आमच्या घरामागे, कुंपणाला लागून एक रुई आहे. कुणी लावली नाही, कुणी कधी पाणी घातलं नाही, तरी ती माजली आहे. मुलं पुण्याला गेल्यापासून माझी सकाळ तिच्यापुढे स्टुलावर बसून जाते. मावा नावाची बारीक कीड तिचा रस शोषते, मुंग्या त्या माव्याची राखण करतात, आणि ठिपकेवाले लाल किडे मुंग्यांच्या नाकावर टिच्चून तोच मावा फस्त करतात. पट्ट्यापट्ट्यांचे सुरवंट आधी पानाची शीर कुरतडून चीक वाहू देतात आणि मगच जेवायला बसतात. इतकी शिस्त आमच्या घरात कुणाला नाही. सगळे कसे एकमेकांच्या जिवावर जगतात ते बघून मला थोडं अध्यात्म सुचायला लागतं, पण तेवढ्यात घरातून चहाची हाक येते.

रुईचं आणखी एक गिऱ्हाईक म्हणजे मारुती. आमचे हे बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून शनिवारची माळ स्वतःच्या हाताने ओवतात. देव आणि सुरवंट, दोघांनाही पानं तीच हवीत. म्हणून मी वाटणी करून दिली होती: खालच्या फांद्या सुरवंटांच्या, वरच्या देवाच्या. ह्यांनी ती इमानदारीने पाळली. मोडली ती सुरवंटाने. अंड्यातून निघाल्यापासून मी ज्याच्यावर नजर ठेवून होते, तोच कोश करायला नेमका वरच्या फांदीवर चढला. पानाखाली पोपटी कोश, त्यावर सोनेरी टिकल्या. मी शुक्रवारी वाणगावला बहिणीकडे गेले आणि शनिवारी सकाळी परतले, तर पान गायब.

कोश दिसला नाही का, म्हणून मी ह्यांना विचारलं. दिसला की, म्हणाले; कळी वाटली, छान होती, म्हणून मुद्दाम माळेच्या मधोमध घेतली. पानाला कधी कळी फुटते का, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"देवाला काय अशक्य हाय?"

माळ तर ते देवळात देऊनही आले होते. मी ह्यांना तसंच देवळात नेलं. शनिवारी लोक बाटल्या भरभरून तेल आणतात आणि पुजारी ते मारुतीच्या डोक्यावरून ओततो. ते कोशावर ओघळलं की खेळ खलास. माळ गळ्यात पडली होती. कोश काळपट झाला होता आणि आतले नारिंगी पंख दिसत होते. म्हणजे फुलपाखरू आता कधीही बाहेर येणार होतं. मी पुजाऱ्याला माळ उतरवायची विनंती केली. चढवलेली माळ दिवस मावळल्याशिवाय उतरत नाही, असं त्याने सांगितलं.

ही बोलाचाली चालली असतानाच कोश तडकला. आतून एक ओलं, चुरगळलेलं काहीतरी निघालं आणि आपल्याच टरफलाला लटकलं. मागे रांग खोळंबली होती. मुरबे गावची एक बाई मासळीची पाटी खाली ठेवून आली होती, तिला बाजार गाठायचा होता. तिने बाटली पुढे केली. मी तोंड उघडणार तोच आमचे हे गाभाऱ्याचा उंबरा ओलांडून आत गेले आणि दोन्ही हात त्या जिवावर छपरासारखे धरून उभे राहिले.

"आज तेल पायावर घाला. याचे पंख सुकू दे."

पुजारी बाजूला झाला. त्या बाईने पायावर तेल घातलं, तिच्यामागच्यांनीही घातलं. डोक्यावर आधी ओतलेलं तेल मात्र ठिबकत होतं. ते ह्यांच्या हातांवर पडून कोपरापर्यंत आणि तिथून मी इस्त्री केलेल्या शर्टात चाललं होतं. हा माणूस बँकेच्या रांगेत गुडघे दुखतात म्हणून मला उभं करतो. इथे जागचा हलला नाही.

शेवटी फुलपाखराने पंख उघडून मिटून पाहिले, कोशातून निघाल्यावर फुलपाखरं टाकतात तसा एक तांबूस थेंब मारुतीच्या छातीवर टाकला आणि पुजाऱ्याच्या डोक्यावरून बाहेर उडालं. रांग पुढे सरकली. आमचे हे तेलकट हात तसेच धरून माझ्याकडे आले.

"मी कळी समजून ओवला गं. आत जीव होता."

मी पदराने त्यांचे हात पुसत राहिले.